जिल्हा रुग्णालयातला सर्जन आता थेट असोसिएट प्रोफेसर. पण शिकणाऱ्याच्या हातात चाकू कोण देणार?

मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवायची तर आजवरचा रस्ता ठरलेला होता. तीन वर्षांचं एमएस, मग किमान एक वर्ष सिनियर रेसिडेन्सी, मग असिस्टंट प्रोफेसर. २०२२च्या नियमांनुसार तिथे चार वर्षं काढली आणि शोधनिबंध झाले की असोसिएट प्रोफेसर, पुढे आणखी तीन वर्षांनी प्रोफेसर.

जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) हा रस्ता मधूनच खुला केला. किमान २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात १० वर्षं काम केलेला पदव्युत्तर डॉक्टर आता थेट असोसिएट प्रोफेसर होऊ शकतो. दोन वर्षांचा अनुभव असेल, तर सिनियर रेसिडेन्सीशिवाय असिस्टंट प्रोफेसर होता येतं. अट एकच, नेमणुकीनंतर दोन वर्षांत संशोधनाचा बेसिक कोर्स पूर्ण करायचा.

हे का करावं लागलं?

कॉलेजं वाढली, शिकवणारे वाढले नाहीत. महाराष्ट्रातच ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाण्यासह १० नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन एकाच दिवशी झालं. तिथे मुंबई-पुण्याचा प्रोफेसर जाईल ही आशा फार जणांना नसावी.

जिल्हा रुग्णालयातले सर्जन शिकवायला कमी पडतील, अशी भीती काही जण बोलून दाखवतात. ती अर्धवट आहे. हर्निया, अपेंडिक्स, अपघाताचे पेशंट यांवर त्यांचा हात रोज चालतो. एमएसच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवायचा नियम एनएमसीनेच केलाय.

खरी अडचण वेगळी आहे. शस्त्रक्रिया वाचून येत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेडने १८८९ नंतर जी रेसिडेन्सीची पद्धत बसवली, तिचं सूत्र साधं होतं: जबाबदारी टप्प्याटप्प्याने द्यायची. आधी ड्रेसिंग, मग रिट्रॅक्टर धरून उभं राहणं, मग समोर सिनियर असताना स्वतः टाका घालणं. हा शेवटचा टप्पा पूर्णपणे सिनियरच्या मर्जीवर असतो. ज्युनियरला केस दिली की वेळ जास्त लागतो, लिस्ट लांबते, काही बिघडलं तर जबाब युनिट हेडलाच द्यावा लागतो. तरीही जो देतो, तो गुरू.

आणि नेमकं हेच कुठे मोजलं जात नाही. किती शस्त्रक्रियांना मदत केली, किती स्वतः केल्या, हे विद्यार्थी लॉगबुकात लिहितो, गाईड सही करतो. पण त्या गाईडची बढती ठरते ती वर्षं आणि शोधनिबंध यांवर. तीन वर्षांत एकाही रेसिडेंटला पित्ताशय काढू न देणारा सर्जनही त्याच वेगाने वर सरकतो.

नव्या कॉलेजांत हे जास्त बोचेल. आता दोन अध्यापक असले तरी दोन जागांचा पदव्युत्तर कोर्स सुरू करता येतो. मोठ्या विभागात एका युनिटमध्ये काही मिळालं नाही, तर रेसिडेंट दुसऱ्या सरांच्या ओटीत जाऊन उभा राहतो. दोघांच्या विभागात ती सोय नाही. त्यातल्या एकाची बदली झाली, की उरलेले सरच शिक्षक, विभागप्रमुख आणि इमर्जन्सीचे सर्जन.

विभागप्रमुखपद हा आणखी एक जुना वाद. दिल्लीचं एम्स आणि चंडीगडचं पीजीआय इथले अध्यापक हे पद फिरतं ठेवा, अशी मागणी अनेक वर्षं करतायत. एकच व्यक्ती निवृत्तीपर्यंत प्रमुख राहिली, तर केस, रजा, संशोधन सगळं तिच्या हातात राहतं, असं त्यांचं म्हणणं. २०२५च्या नियमांनी प्रोफेसर होण्याची वाट रुंद केली. त्या खुर्चीत बसल्यावर ज्युनियरला किती केसेस दिल्या, हे विचारण्याची सोय मात्र त्यांत नाही.