नाव ठेवताना नावं ठेवली जाऊ नयेत म्हणून

गेल्या महिन्यात धाकट्यानं एक पिल्लू घरी आणलं. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसात भिजत बसलेलं, काळं कुळकुळीत, कपाळावर तेवढा एक पांढरा ठिपका. अम्मी कुरकुरली, "कुत्रं घरात नको, नमाजचे कपडे नापाक होतील." शिकार, शेती आणि गुरांची राखण यासाठी कुत्रा पाळायची मुभा हदीसमध्ये आहे, घराच्या राखणीलाही ती लागू होते असं अनेक आलिम मानतात. शेवटी बाहेरच्या जोत्यावर पोतं टाकलं आणि वाद मिटला.

खरा पेच नावाचा होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सर, कपाळावर टिपका हाय, टिपू म्हणा की!"

काकूंच्या मनात काहीच नव्हतं. त्यांच्या माहेरी दोन टिपू होऊन गेलेत. मोत्या, वाघ्या, खंड्या यांच्या रांगेत टिपू आणि टिप्या महाराष्ट्रातल्या गावोगावी सापडतात. माझ्या पोटात मात्र गोळा आला.

७ जून २०२३ चं कोल्हापूर आम्ही पाहिलं आहे. मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर बंद झालं, दगडफेक झाली, इंटरनेट थांबलं. त्या स्टेटसमध्ये टिपू सुलतानचं नावही होतं. आता मी दारात उभा राहून "टिपू, टिपू" अशी हाक मारली, तर एक जण म्हणणार, मास्तर उदात्तीकरण करतोय. दुसरा म्हणणार, मुसलमान असून टिपूचं नाव कुत्र्याला देतोय. मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावं ठेवणे' यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. आमच्या वाट्याला बहुधा तो अनुस्वार येतो.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू लढताना मारला गेला. त्याच्यावरच्या रागातून इंग्रजांनी आपल्या कुत्र्यांना त्याचं नाव दिलं आणि तीच रीत इथं रुजली, असं सांगितलं जातं. ते खरं असो वा नसो, काकूंना त्याचा पत्ता नाही आणि त्यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. पण माझ्या वर्गात टिपू नावाचा एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत पोरं त्याला "यू यू" करून बोलवायची. तो हसायचा, आणि डबा मात्र एका कोपऱ्यात बसून खायचा. इतिहासातल्या सुलतानाबद्दल आपण खुशाल भांडू. त्या पोराचा त्यात काय गुन्हा होता?

मग मुलगा म्हणाला, "वाघ्या ठेवू." त्यालाही आता इतिहास चिकटलाय. रायगडावरचा वाघ्याचा पुतळा २०१२ मध्ये हटवला गेला आणि काही दिवसांत पुन्हा बसवला गेला. २०२५ मध्ये आमच्याच कोल्हापूरच्या संभाजीराजेंनी तो काढावा अशी मागणी केली. या कुत्र्याला शिवकालीन पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं. दगडाच्या कुत्र्यावरून एवढं, तर जिवंत कुत्र्याचं काय?

तोडगा अम्मीनंच काढला. "कित्मीर म्हणा." कुरआनच्या सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांची कथा आहे. त्यांच्यासोबत त्यांचा कुत्राही होता, गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेला. कुरआनात त्याचं नाव नाही. परंपरेनं त्याला कित्मीर म्हटलं. या अरबी शब्दाचा अर्थ खजुराच्या बीवरचा पातळ पापुद्रा. म्हणजे अगदी क्षुल्लक वस्तू. पण भल्या माणसांच्या दाराशी बसला आणि कायमचा आठवणीत राहिला.

आम्ही कित्मीर ठेवलं. आठवडाभरात काकूंनी त्याचं 'मिऱ्या' केलं. "काळ्या मिऱ्यागत दिसतंय नव्हं!" आता अख्खी गल्ली मिऱ्याच म्हणते. घरात कित्मीर, दारात मिऱ्या. दोन्ही हाकांना तो शेपूट हलवतो.

माझं म्हणणं एवढंच. कुत्र्याचं नाव ही दिवसातून पन्नास वेळा मोठ्यानं मारायची हाक असते. त्या हाकेनं शेजारच्या घरातलं एखादं पोर खाली मान घालणार असेल, तर ते नाव कितीही जुनं असलं तरी सोडावं. आणि घाबरून नव्हे, तर शेजाऱ्यालाही तोंडभरून हाक मारता यावी म्हणून सोडावं. टिपू नाव मी सोडलं तेव्हा मनात भीती अजिबात नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल. ती भीती वाटू नये असं शहर मात्र मला हवं आहे, आणि ते एकट्या मुसलमानानं घडवायचं काम नाही.

बाहेर काकू भाकरीचा तुकडा घेऊन हाका मारताहेत. मिऱ्या केव्हाच त्यांच्या दारात पोचलाय.