बिनसरच्या बंगल्यात गीझर कशाला?

अल्मोड्याजवळ बिनसरच्या जंगलात, सुमारे 2,400 मीटर उंचीवर, वनखात्याचा इंग्रजांच्या काळातला बंगला आहे. आम्ही राहिलो तेव्हा तिथे वीज नव्हती. शिधा आपला, रांधणारा चौकीदार. बरोबरच्या काहीजणी म्हणाल्या, "गीझर तरी हवा!"

मला नाही पटत. बादलीभर पाण्यात आंघोळ झाली. दिवे नाहीत म्हणून सगळे सूर्यास्ताआधी जेवले, कुणाला आठवण करावी लागली नाही. सकाळी समोर नंदादेवी, त्रिशूळ.

1988 मध्ये हे अभयारण्य झालं ते बांज वृक्षांचं घटतं जंगल राखण्यासाठी. हिशेब सरळ आहे: सोय वाढली की गर्दी वाढते, मग कचरा. गीझरवाल्या खोल्या अल्मोड्यात मिळतात. हा बंगला आहे तसाच राहू द्या.