लेसरपूर्वीचे तीन आठवडे

चष्म्याचा नंबर लेसरच्या साहाय्याने घालविण्याची शस्त्रक्रिया आता मुंबईच्या मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली आहे. वरळी-लोअर परळ भागात जेथे एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथे आज कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत. वातानुकूलित दालनांत दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या तरुण-तरुणींना कॉन्टॅक्ट लेन्स टोचू लागतात आणि ही मंडळी लेसरकडे वळतात. मुलीचे लग्न ठरण्यापूर्वी तिचा चष्मा जावा, अशी इच्छा बाळगणारे पालकही आहेत. यात वावगे काही नाही. आक्षेप आहे तो घाईवर. आणि ही घाई सर्वांत अधिक दिसते ती शस्त्रक्रियेपूर्वी लेन्स बंद ठेवण्याच्या बाबतीत.

या लेसरच्या उपयोगाचा शोध एका भारतीयाच्या नावाशी निगडित आहे. मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत काम करीत असता, 1981 साली त्यांनी सणाच्या मेजवानीत उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कूर्चेवर एक्सायमर लेसरचा झोत टाकून पाहिला. आजूबाजूचा भाग न जळता नेमका तेवढाच थर उडून गेला. 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अदृश्य किरण पुढे डोळ्यासाठी वापरला जाऊ लागला व 1995 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. हा किरण अत्यंत आज्ञाधारक आहे. त्याला जे माप दिले जाते, ते तो अचूक कोरतो; माप चुकीचे असेल तर चूकही तितक्याच अचूकपणे कोरतो.

हे माप घेतले जाते पारपटलाचे, म्हणजे बुबुळावरील त्या पारदर्शक पडद्याचे, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याची मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. नंबरातील एका अंशासाठी त्यातून साधारणपणे 12 ते 15 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांतील 12 ते 15 भाग, कमी केले जातात. अर्ध्या नंबराची चूक व्हावयास सहा-सात मायक्रॉन पुरेसे होतात. पारपटलात रक्तवाहिन्या नसल्याने त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्गे. मऊ लेन्स या पुरवठ्यात अडथळा आणते व पारपटलास किंचित सूज येऊ शकते. कडक लेन्स त्याचा आकारच दाबून बदलते. वर्षानुवर्षे रोज लेन्स वापरणाऱ्याने सकाळी ती काढून दुपारी तपासणीस जावे, तर यंत्र जो आकार टिपते तो त्याच्या डोळ्याचा खरा आकार नसण्याचा संभव असतो.

म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाची शिफारस अशी आहे की, मऊ लेन्स दोन आठवडे, तिरप्या नंबराची टोरिक किंवा प्राणवायू जाऊ देणारी कडक लेन्स तीन आठवडे आणि जुन्या पद्धतीची कडक लेन्स निदान चार आठवडे बंद ठेवावी. ही मुदत मोजावयाची ती शस्त्रक्रियेच्या दिवसापासून नव्हे, तर पहिल्या तपासणीच्या दिवसापासून मागे. नेमकी येथेच अनेकांची गल्लत होते. याशिवाय आणखी एक धोका असतो. पारपटल शंकूसारखे पुढे येण्याचा केरॅटोकोनस नावाचा विकार कोवळ्या वयात लपून असू शकतो. लेन्सच्या दाबाने त्याची खूण पुसट होते किंवा नसलेल्या विकाराचा भास होतो. अशा डोळ्यावर लेसर चालविला, तर पारपटल अधिकच दुबळे होऊन क्वचित प्रत्यारोपणाची पाळी येते. कोरून काढलेला थर कोणालाही परत बसविता येत नाही.

यावर सांगितले जाते की, तीन आठवडे लेन्सविना काढणे नोकरदाराला परवडत नाही. ही अडचण खोटी नव्हे. उणे सात नंबराच्या माणसाचा घरचा चष्मा बहुधा जुन्या नंबराचा असतो आणि लवकरच अडगळीत जाणाऱ्या नव्या चष्म्यावर पैसे घालविणे जिवावर येते. गर्दीच्या लोकलमध्ये धूसर दिसत असता चढणे हा तर साहसाचाच प्रकार. परंतु शस्त्रक्रियेसाठी हजारो रुपये मोजणाऱ्याने त्या चष्म्याचा खर्च शस्त्रक्रियेच्याच खर्चात धरावा, हे अधिक शहाणपणाचे आहे.

शस्त्रक्रियेनंतर लेन्सशी संबंध कायमचा सुटतो, ही समजूतही पुरती खरी नाही. पारपटलाचा वरचा थर काढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तो थर पुन्हा येईपर्यंत काही दिवस डोळ्यावर पट्टीसारखी एक मऊ लेन्स ठेवतात. ती नंबराची लेन्स नव्हे. तिला स्वतः हात लावू नये, डोळ्यात नळाचे पाणी जाऊ देऊ नये. काहींचा थोडा नंबर उरतो. त्यांनी घरातील जुन्या लेन्स पुन्हा घालू नयेत, कारण पारपटलाचा आकार बदललेला असल्याने त्या नीट बसत नाहीत. डोळे कोरडे पडण्याची तक्रार काही महिने राहू शकते. आणि चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा बहुतेकांना लागतोच. लेसरने वय थांबत नाही.

विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परळ व लोअर परळ येथील कारखान्यांमुळे रेल्वेची नोकरी या भागातील अनेक कुटुंबांना पिढ्यानपिढ्या परिचित आहे. सहायक लोको पायलटच्या जागेसाठी चष्म्याविना उत्तम दृष्टी लागते, म्हणून लेसर करून घ्यावे असे एखाद्या मुलास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नंबर घालविण्याची शस्त्रक्रिया झालेला उमेदवार रेल्वेच्या नियमानुसार या जागेस अपात्र ठरतो. ज्या दारासाठी हा खटाटोप करावयाचा, ते दार त्या खटाटोपानेच बंद होते. महाविद्यालयांतील शिक्षकांनी ही माहिती मुलांना वेळीच दिली पाहिजे.

या शस्त्रक्रियेने असंख्यांचे जीवन सुकर केले आहे, हे निःसंशय. म्हणूनच तिच्या पूर्वतयारीस तिचाच भाग मानले पाहिजे. नेत्रतज्ज्ञांनी लेन्स बंद करण्याची तारीख रुग्णास लेखी द्यावी, काही दिवसांच्या अंतराने दोनदा माप घ्यावे आणि दोन्ही जुळल्याविना लेसर चालवू नये. कचेऱ्यांनी, विशेषतः जेथे दर्शनी रूपाला महत्त्व दिले जाते अशा हॉटेलांनी व दुकानांनी, कर्मचाऱ्याला ते तीन आठवडे चष्मा लावून काम करू द्यावे. पालकांनी लग्नाच्या मुहूर्तावरून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवू नये. चष्म्यासह मुलगी पसंत करण्याची रीत रूढ झाली, तर यांपैकी बरीच घाई आपोआपच कमी होईल.