जड वजनाचाच हट्ट कशाला?

कोळगाव-पालघरच्या वस्त्यांत आरोग्याच्या कामाने फिरताना जिमला जाणारी पोरं आम्हाला हमखास विचारतात, "ताई, जड वजन मारल्याशिवाय बॉडी बनतच नाही ना?" हलकं वजन बायकांचं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं. मग शेजारच्याने ६० किलो उचललं की हा ७० लावतो आणि आठवड्याने कंबर धरून आमच्याकडे येतो.

आमचं मत स्पष्ट आहे : स्नायू वाढवायला जड वजनच लागतं, ही समजूत चुकीची आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधीपासून व्यायाम करणारे ४९ तरुण, १२ आठवडे. काहींनी जड वजन ८ ते १२ वेळा उचललं. बाकीच्यांनी आपल्या कमाल ताकदीच्या ३० ते ५० टक्केच वजन घेतलं, पण २० ते २५ वेळा उचललं. अट दोघांना एकच, पुढे एकदाही उचलता येणार नाही इथपर्यंत थांबायचं नाही. स्नायू दोन्हीकडे जवळपास सारखेच वाढले. कारण स्नायू दमत आला की शरीर त्याचे राखीव तंतूही कामाला जुंपतं. स्पर्धेत उतरणाऱ्याची गोष्ट वेगळी. एका दमात मोठं वजन उचलायचं तर सराव जड वजनाचाच हवा.

तारापूर एमआयडीसीत गोण्या वाहणारे भाऊ विचारतात, "आम्ही दिवसभर वजनच उचलतो, मग आमची बॉडी का नाही?" प्रश्न रास्त आहे. हमालीत भार तोच, ताण त्याच कमरेवर आणि गुडघ्यांवर, विश्रांती कमी आणि ताटात प्रथिनं कमी. अशा माणसाने पाळी संपवून पुन्हा जड वजन मारू नये. आणि हेही माहीत असू द्या : इजा होईल इतकं वजन कामगाराला उचलायला लावण्यास कारखाना कायदा १९४८, कलम ३४ ने मनाई केली होती; तो कायदा २०२५ पर्यंत लागू होता.

घरी पाच लिटरचा पाण्याचा कॅन भरला की पाच किलो झाले. आठवड्यातून दोन-तीन दिवस, हात थकेपर्यंत. बहिणींनीही करावं, चाळिशीनंतर तर नक्कीच. उचलताना श्वास रोखू नका. बीपी, हर्निया असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

पावडरच्या डब्यावर मजुरी घालवण्याआधी ताट बघा. साठ किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. डाळ, चणे, सुकट आहेच. जिममध्ये कुणी इंजेक्शन देऊ केलं तर मात्र सरळ घरी निघून या. त्या स्टिरॉइडने दंड फुगतो, पण वृषणं आक्रसतात, हृदयावर ताण येतो. पोरं हे आईबापांपासून लपवतात, म्हणून इथे उघड लिहितो आहोत.