डोक्याचा घेर आणि नागपूरची वाट

तान्ह्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे दिसू लागले, की गडचिरोलीच्या दुर्गम खेड्यातील मायबाप पुष्कळदा आधी पुजाऱ्याकडे जातात. त्यांना अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गाठावे लागणारे नागपूर भामरागडहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पुजारी जवळचा का वाटतो ते कळते.

वस्तुतः जलशीर्ष हा असाध्य विकार नव्हे. मेंदूच्या पोकळ्यांत सतत पाझरणाऱ्या द्रवाची वाट अडली, की तो साचतो. कवटीचे सांधे जुळलेले नसल्याने बाळाचे डोके वाढते व मेंदू दबतो. हा दोष कधी जन्मतःच असतो, तर कधी जंतुसंसर्गाने किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील रक्तस्रावाने मागाहून येतो. साचलेला द्रव बारीक नळीने पोटात उतरविण्याची शस्त्रक्रिया आता जुनी झाली. भारतीय बनावटीची स्वस्त छाब्रा नळी युगांडातील तुलनेत कित्येक पट महाग परदेशी नळीहून उणी ठरली नाही, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. वेळीच उपचार झालेली अनेक मुले शाळेत जातात. उशीर झाला, तर नळी दाब उतरविते. गेलेली दृष्टी परत देत नाही.

तेव्हा खरा प्रश्न वेळेवर ओळखण्याचा आहे, आणि त्याचे उत्तर याच जिल्ह्याने देऊन ठेवले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळांची घरोघर काळजी घेण्यास शिकविले. त्यामुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापले. त्याच धर्तीवर आज आशाताई बाळाच्या ४२व्या दिवसापर्यंत घरी जातात. त्यांच्या पिशवीत वजनकाटा व थर्मामीटर असतात, मोजपट्टीही असावी. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असतो आणि पहिले तीन महिने दरमहा सुमारे दोन सेंटिमीटरने वाढतो. याहून झपाट्याने वाढणारे डोके डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे.

मात्र एवढ्याने भागणार नाही. नळी तुंबते, तिला जंतुसंसर्ग होतो. अनेक मुलांना वर्षाच्या आतच पुन्हा शस्त्रक्रिया लागते. दर खेपेला मजुरी बुडवून नागपूर गाठणे कोणाला परवडेल? चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. टाळूवाटे सोनोग्राफी आणि नागपूरच्या मेंदूशल्यविशारदांची ठरलेल्या दिवशी फेरतपासणी तेथेच व्हावी, पुढच्या प्रवासाचा खर्च शासनाने उचलावा. ही मागणी अवाजवी नाही. नळी बसवून घरी धाडलेले मूल पुढे दृष्टिआड होणार असेल, तर तो उपचार अर्धाच म्हणावा लागेल.