मुखवट्यांची रसिकता

अलास्कातील युपिक लोकांचे मुखवटे १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या बाजारात आले, तेव्हा आंद्रे ब्रेताँप्रभृती अतिवास्तववादी त्यांवर लुब्ध झाले; त्यांस त्यांत स्वप्नसृष्टी दिसली. या रसिकतेस आमचा आक्षेप आहे. हिवाळी नृत्यासाठी, बहुधा मांत्रिकाच्या सांगण्यावरून, विशिष्ट गीतासह मुखवटा घडे आणि नृत्य संपल्यावर पुष्कळदा टाकूनही दिला जाई. गीत वगळून लाकडाचेच कौतुक करणे म्हणजे टाळ खुंटीस टांगून त्यांसच कीर्तन म्हणण्यासारखे आहे. ती नृत्ये बंद पाडणाऱ्या मिशनऱ्यांनी निदान त्यांतले सामर्थ्य तरी ओळखले होते! १९९६ साली जुने मुखवटे टोक्सूक बे या युपिक गावी प्रदर्शनास गेले; या खेपेस वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या कथाही सोबत होत्या. प्रदर्शनाच्या युपिक नावाचा अर्थ ‘आमची प्रार्थनेची रीत’. त्यात ‘कला’ हा शब्द नाही.