टायरमध्ये लपलेला खिळा

कल्याण-शीळ मार्गावर किंवा घोडबंदर रस्त्यावर, रात्रीच्या वेळी कुटुंब गाडीत असताना चाक बदलण्याचा प्रसंग कोणालाही नकोसा असतो. म्हणूनच ट्यूबलेस टायरमध्ये आधीच सीलंट भरून घेण्याकडे व्यापारी मंडळींचा कल दिसतो. टायरला छिद्र पडताच हा तंतुमिश्रित द्रव आतील हवेच्या दाबाने तेथे ढकलला जाऊन ते बुजवतो. पण खिळा आतच राहतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. हिशेबात न आलेले हे देणे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, भर वेगात अंगाशी येऊ शकते. खड्ड्यात आपटून टायरची बाजू फाटली, तर सीलंट निरुपयोगीच.

गाडी बरेच दिवस उभी राहिल्यास द्रव तळाशी साचतो, चाकाचा तोल जातो आणि स्टिअरिंग थरथरते. हलक्या प्रतीच्या द्रवाने अलॉय रिम खराब होते. दाब दाखवणारा सेन्सरही चोंदतो. पंक्चर काढण्यापूर्वी टायर आतून पुसावा लागतो. पंक्चरवाल्यांची कुरकुर रास्तच आहे.

ट्यूबलेस टायर, दाबसूचक यंत्रणा आणि दुरुस्ती संच असलेल्या मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा २०२० च्या नियमदुरुस्तीने दिली. त्या संचातील सीलंट मात्र दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरतेच असते. बाटलीवर मुदतही छापलेली असते. ती डिकीत तशीच उलटून जाते.